आधी लेकराचं नाव पटावर घ्या

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि आपण

(उत्तरं देणाऱ्या मॅडम यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका, मुख्याध्यापिका आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख होत्या.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. मुलगा तिथल्या एका कॉन्व्हेंटमध्ये होता, तिसरी पास होऊन चौथीत गेला होता. यजमानांचं दुकान बसलं म्हणून दिवाळीनंतर मी लेकराला घेऊन माहेरी आले. कॉन्व्हेंटची साडेनऊ हजार फी बाकी आहे. ती भरल्याशिवाय टीसी भेटणार नाही म्हणतात. इथल्या झेडपीचे गुरुजी म्हणतात, टीसी आणा, नाहीतर ऑनलाइनवर नाव चढत नाही. दीड महिना झाला, पोरगा आबाजीसोबत वावरात जातो. शाळेच्या वर कोण असतं? मी नेमकं कोणाला भेटू?
– एक आई, तालुका घाटंजी

उत्तर : ताई, कोणाला भेटायचं ते सांगतेच. पण तुमच्या मुलाला उद्या सकाळी त्या शाळेत बसवायला टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, लागत नाही, हे आधी मनात पक्कं करा. हे माझं मत नाही, कायद्यातच तसं लिहिलं आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांचं मूल कोणत्याही कारणाने शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ शकतं. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर नाहीच येत. दाखला अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. तुम्ही वर्षाच्या मधेच आलात म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही, ते कलम १५. जन्माचा पुरावा हाताशी नसला तरी प्रवेश थांबत नाही, ते कलम १४. पाच, चौदा आणि पंधरा हे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून पदराला बांधा.

फीचं देणं हा तुमच्या आणि त्या संस्थेच्या हिशेबाचा भाग आहे. ते तुम्ही सवडीने फेडा, हप्ते मागा, लेखी द्या. पण त्या पैशांसाठी मूल घरी बसवून ठेवायचा अधिकार कोणालाच नाही.

तुमच्या गुरुजींवर रागावू नका. ते खोटं सांगत नाहीत. हल्ली प्रत्येक मुलाची नोंद यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर असते, आणि जुन्या शाळेने तिच्या लॉगिनवरून मूल मोकळं केल्याशिवाय नव्या शाळेत ते दिसत नाही. गुरुजींना भीती असते की मूल वर्गात बसलं, खिचडी जेवलं आणि पोर्टलवर दिसलं नाही तर उद्या विचारणा होईल. ही अडचण खरी आहे, पण ती कार्यालयाची आहे. ती कार्यालयाने सोडवायची, नऊ वर्षांच्या पोराने नाही. जुनी शाळा ऐकत नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून हे काम पुढे नेता येतं. तोवर नाव कागदावर घ्यायला कोणी अडवलेलं नाही.

कागदावर म्हणजे कुठे, तेही सांगते, कारण हे रजिस्टर बहुतेक आईबापांनी कधी बघितलेलंच नसतं. मुख्याध्यापकांच्या कपाटात एक लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर असतं. त्याला दाखल-खारीज म्हणतात. आडव्या ओळीत रकाने असतात : रजिस्टर नंबर, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण, आणि शेवटी शेरा. तुमच्या मुलाची ओळ आज भरता येते. आधीच्या शाळेचं नाव लिहायचं आणि शेऱ्यात ‘टीसी येणे बाकी’ एवढंच टाकायचं. इयत्ता चौथीच लिहायला सांगा. दीड महिना बुडाला म्हणून तिसरीत ढकलू देऊ नका. त्या एका ओळीवर पुढचं सगळं चालतं. हजेरीपटावर नाव येतं ते तिथून, पुस्तकं, गणवेश आणि पोषण आहार मिळतो तो तिथून, शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरला जातो तो तिथून.

मी हे इतक्या जोराने सांगते त्याला कारण आहे. १९९७ साली मी एका दोन शिक्षकी शाळेवर होते, पहिली ते चौथी. पट त्रेचाळीस. हिवाळ्यात गावाबाहेर वीटभट्टी लागली आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं एक कुटुंब कामाला आलं. त्यांची आठेक वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन शाळेत आली. मी तिच्या बापाला दाखला मागितला. तो म्हणाला, होळीला गावी जाऊ तेव्हा आणू. मी म्हटलं, मग तेव्हाच नाव घालू. मुलगी तरी रोज यायची. वऱ्हांड्यात दाराच्या चौकटीला टेकून बसायची, भाऊ मांडीवर. मी हजेरी घ्यायची. शेवटच्या नावाला ‘हजर’ झालं की ती मान वर करून माझ्याकडे बघायची. रोज. मी हजेरीपट मिटायची.

त्या काळी शाळेत खिचडी शिजत नव्हती. १९९५ च्या १५ ऑगस्टला केंद्राची पोषण आहाराची योजना सुरू झाली होती आणि ज्यांची हजेरी ८० टक्के असेल त्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. वाटपाच्या दिवशी मुलं पिशव्या घेऊन रांगेत उभी असायची. ती पण उभी राहिली. युरियाच्या पोत्याची हाताने शिवलेली पिशवी होती तिची, निळी अक्षरं अजून पुसली नव्हती. तिची हजेरी वर्गातल्या कितीतरी पोरांपेक्षा जास्त होती, पण ती माझ्या कागदावर कुठे होती? मी म्हटलं, ‘बेटा, तुझं नाव नाही यादीत.’ तिने काही विचारलं नाही. पिशवीची घडी घातली, काखेत धरली, भावाला उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून वऱ्हांडा रिकामा.

तेव्हा हा कायदा नव्हता, हे खरं आहे. पण रजिस्टर होतं आणि पेन माझ्याच हातात होता. वरच्या कोणत्याही साहेबाने मला अडवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. पुढे केंद्रप्रमुख झाल्यावर कोणत्याही शाळेत गेले की खुर्चीवर बसायच्या आधी मी एकच विचारायचे, ‘गावात आहे पण पटावर नाही, असं लेकरू कोणतं?’ पुष्कळदा शिक्षक गप्प व्हायचे आणि स्वयंपाक करणारी मावशी सांगायची.

आता कोणाला भेटायचं ते. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, अर्धं पान पुरे. मुलाचं नाव, वय, आधीची शाळा, इयत्ता, आणि ‘कलम ५ प्रमाणे प्रवेश मिळावा’ ही एक ओळ. दोन प्रती न्या. एकीवर सही, शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच आपल्याजवळ ठेवा. तोंडी बोलणं कार्यालयात टिकत नाही. चार दिवसांत नाव लागलं नाही तर केंद्रप्रमुख. आठ-दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र असतं आणि ते मोठ्या गावच्या शाळेत बसतं. मला वाटतं तिथेच तुमचं काम होईल. नाही झालं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, आपण बीईओ म्हणतो ते. घाटंजीला बाजाराच्या दिवशी गेलात तर दोन्ही कामं होतात, पण जायच्या आधी फोन करा, साहेब मीटिंगला असतात. तिथे आवक नंबर, म्हणजे अर्ज आल्याच्या नोंदीचा क्रमांक, मागा. त्याच्या वर यवतमाळला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, प्राथमिक. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत निकाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. एवढ्या लांब जायची पाळी येऊ नये.

अर्ज दिला त्याच दिवशी मुलाला दप्तर घेऊन वर्गात बसवून या. नाव लागायची वाट घरी बसून बघायची नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या झेडपी शाळेत पहिली ते पाचवी ४८ मुलं आणि मास्तर एकच. एका गुरुजींची बदली झाली, दुसरे आलेच नाहीत. विचारलं की म्हणतात, ‘वरून येत नाही.’ हे ‘वर’ म्हणजे नेमकं कुठे? आम्ही शाळेला कुलूप लावायचं ठरवत आहोत.
– तालुका मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : भाऊ, कुलूप लावू नका. नुकसान त्या ४८ जणांचंच होईल. त्याआधी दोन आकडे विचारा : मंजूर पदं किती आणि कार्यरत किती. सगळी वाट या दोन आकड्यांवरून ठरते.

कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं गणित आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन हवेत. मंजूर दोन आणि कार्यरत एक असेल, तर पद रिक्त आहे. मग भांडण भरतीचं आणि बदलीचं. पण मंजूरच एक असेल, तर गोष्ट वेगळी. मग संचमान्यतेच्या वेळी तुमच्या शाळेचा पट कमी धरला गेला. संचमान्यता म्हणजे पटावरची मुलं मोजून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं. आधारची नोंद जुळली नाही, नाव पोर्टलवर चढलं नाही, की मूल वर्गात असूनही मोजणीत नसतं. पट काठावर असेल तर पाच-सात मुलं अशी गळली की एक शिक्षक जातो. म्हणून आज मुख्याध्यापकांसोबत बसून यादी तपासा. वर घाटंजीच्या ताईंना जे सांगितलं तेच इथे लागू होतं.

आता ‘वर’ कुठे, ते. झेडपीचा शिक्षक नेमते जिल्हा परिषद. पण भरती करते राज्य. शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून नाव जिल्ह्याला येतं. बदल्यांचं धोरण ठरवतो मुंबईचा ग्रामविकास विभाग, शालेय शिक्षण विभाग नव्हे. बऱ्याच पुढाऱ्यांना हे माहीत नसतं आणि ते चुकीच्या मंत्र्याला निवेदन देऊन फोटो काढून येतात. अभ्यासक्रम पुण्याहून येतो, पुस्तकं बालभारतीची, तीही पुण्याची, १९६७ पासूनची. तुमच्या जिल्ह्यावर लक्ष ठेवणारे उपसंचालक अमरावतीला बसतात. शाळांसाठीच्या समग्र शिक्षा या योजनेत पैसे दिल्लीचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के.

एकदा दुपारी शाळेत जाऊन खिचडीचं ताट बघा, सगळी रचना त्यातच दिसेल. तांदूळ केंद्राचा, अन्न महामंडळाच्या गोदामातला, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५०. डाळ, तेल, भाजीचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून. शिजवणारी तुमच्याच गावची बाई, तुटपुंज्या मानधनावर. आणि नीट शिजलं की नाही हे बघायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची, म्हणजे आईबापांची. पहिला घास मोठ्या माणसाने खाऊन बघायचा असतो. शिजवलेलं अन्न मिळायला लागलं ते सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिल्यावर. त्याआधीचे तांदूळ मी वर सांगितलेच.

तर तुम्ही करायचं ते असं. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवा. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या बाया, आणि अध्यक्षही पालकांमधूनच निवडायचा. तुमच्याकडे तो कोण आहे ते आधी बघा. बऱ्याच गावांत अध्यक्षाला स्वतःलाच माहीत नसतं की तो अध्यक्ष आहे, सही घरी येऊन घेतलेली असते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण कायद्याने गावाच्या हातात खरोखर दिलेली ही एकच गोष्ट आहे. सभेत ठराव घ्या : ‘मंजूर दोन, कार्यरत एक, नवीन नेमणूक होईपर्यंत जवळच्या शाळेतून एक शिक्षक कामगिरीवर द्यावा.’ ठरावाची प्रत बीईओंना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, शिक्षक देणं तालुका-जिल्ह्याच्या हातात असतं, त्यासाठी मुंबईची वाट बघावी लागत नाही. आणि ठराव द्यायला एकटे जाऊ नका. चार आया सोबत न्या.

अजून एक. पंचायत सदस्य म्हणून तुम्हाला लोक सगळ्या शाळांचं विचारतील, तर दार चुकू नये म्हणून सांगते. अंगणवाडीचं काम महिला व बालविकासकडे, पर्यवेक्षिकेला भेटा. आश्रमशाळा आदिवासी विकासची, तिचं प्रकल्प कार्यालय वेगळं. यवतमाळ जिल्ह्यात ती पांढरकवडा आणि पुसदला आहेत. संस्थेचं हायस्कूल असेल तर शिक्षणाधिकारी, माध्यमिक. आयटीआय कौशल्य विकासकडे. एकाच घरातली चार लेकरं चार खात्यांत शिकत असतात आणि एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात चालत नाही.

प्रश्न : मी जुना अकरावी मॅट्रिक. मुलगा दहावी-बारावीवाला. आता नातीच्या वेळी पाच-तीन-तीन-चार निघालं म्हणतात. नात चार वर्षांची आहे, सून म्हणते कॉन्व्हेंटच्या नर्सरीत पंधरा हजार भरू. हे सारखं बदलतं काऊन? आणि ती आता कोणत्या वर्गात धरायची?
– एक आजोबा, तालुका सेलू, जि. वर्धा

उत्तर : आजोबा, तुमच्या पिढीचा मान राखून सांगते, तुमची मॅट्रिक कमी नव्हती. कोठारी आयोग १९६४ ते १९६६ या काळात बसला, त्याने साऱ्या देशाला दहा अधिक दोन अधिक तीन असा एकच साचा सुचवला, १९६८ च्या धोरणात तो आला आणि आपल्याकडे १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधी प्रत्येक प्रांताचं निराळं होतं. आपला विदर्भच १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. शाळा हा पूर्णपणे राज्याचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. तेव्हापासून दिल्लीत धोरण आलं की त्याचा हादरा सेलूच्या शाळेपर्यंत येतो. १९८६ चं धोरण आलं त्याच सुमारास नवोदय विद्यालयं निघाली. देशातली पहिली दोन म्हणजे हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती. मग २०२० चं धोरण.

पाच-तीन-तीन-चार म्हणजे वर्ग वाढले असं नाही. तीन वर्षांच्या वयापासून मोजायला सुरुवात केली एवढंच. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच. तिसरी ते पाचवी तीन, सहावी ते आठवी तीन, नववी ते बारावी चार. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा आहेतच. तुमची नात चार वर्षांची, म्हणजे ती पहिल्या पाचांत आहे, पायाभूत स्तरावर.

पण एक फट आहे, ती नीट समजून घ्या. धोरण तीन वर्षांपासून मोजतं आणि मोफत शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं ते सहा ते चौदासाठी. तीन ते सहाच्या लेकरांसाठी शिक्षणहक्क कायद्यात फक्त एवढं म्हटलं आहे की सरकार सोय करू शकेल. ‘करू शकेल’ आणि ‘केलीच पाहिजे’ यात फार अंतर आहे. मेंदू झपाट्याने वाढतो तीच वर्षं या फटीत पडली आहेत आणि म्हणूनच गावोगाव नर्सरीवाल्यांच्या पिवळ्या गाड्या फिरतात.

सुनेला माझं सांगणं : पंधरा हजार भरायच्या आधी गावच्या अंगणवाडीत चार दिवस बसून बघा. ताई चांगली असेल, गाणी-गोष्टी घेत असेल, तर नातीला तिथेच ठेवा आणि संध्याकाळी तुम्ही तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगा. चार वर्षांच्या पोरीला ए-बी-सी-डी गिरवायला लावून काही साधत नाही. अंगणवाडी नुसतीच खाऊ वाटून बंद होत असेल तर मी तुम्हाला तसं म्हणणार नाही. मग ग्रामसभेत विषय काढा.

आणि तुम्ही वर्ध्याचे म्हणून लिहिते. ऑक्टोबर १९३७ मध्ये तुमच्याच वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिथे ठराव झाला : सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताला काम देणारं. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. राज्यघटनेत लिहिलं गेलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची सोय करायचा प्रयत्न होईल. प्रत्यक्ष कायदा लागू झाला तो २०१० ला. वर्ध्यातल्या त्या ठरावापासून त्र्याहत्तर वर्षं मोजा. सेवाग्रामला गेलात तर नातीला घेऊन जा.

प्रश्न : मी दहावीत गणितात नापास झाले. बाबा म्हणतात धानाच्या रोवणीला चल. भाऊ म्हणतो सतरा नंबरचा फॉर्म भर. अकरावीला जाता येते का?
– एक मुलगी, तालुका सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : बेटा, जाता येते. एका किंवा दोन विषयांत राहिलं तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, बारावीत जायच्या आत विषय काढायचा. सतरा नंबरचा फॉर्म तुझ्यासाठी नाही. ज्यांनी शाळा सोडली आणि बाहेरून परीक्षेला बसायचं आहे त्यांचा तो. तू पुनर्परीक्षार्थी. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, फॉर्म तुझ्याच शाळेतून भरायचा, तुझं विभागीय मंडळ नागपूर. तारीख उलटू देऊ नकोस. आयटीआयमध्येही काही ट्रेड असे आहेत ज्यांना दहावी नापास चालतं, तेही विचार.

बाबांना माझा नमस्कार सांग. रोवणी दहा-पंधरा दिवसांची, त्यात जायला हरकत नाही. पण संध्याकाळी दोन तास गणिताचे, आणि पेपरच्या दिवशी बांधीत नाही, परीक्षा केंद्रावर.

प्रश्न : मुलीच्या आधारवर आणि शाळेत जन्मतारीख वेगवेगळी आहे. सातवीत आहे. आत्ता बदलावी की दहावीनंतर?
– तालुका दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आत्ता. शाळेत असेपर्यंत दाखल-खारीजमधली तारीख योग्य पुरावा आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन दुरुस्त होते. शाळा सोडून टीसी हातात पडली की ते फार अवघड होतं, आणि दहावीच्या सनदेवर चूक छापली गेली की तिला बोर्डापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे ओढत न्यावं लागतं. आपल्या भागात १ जुलै ही जन्मतारीख असलेली किती माणसं आहेत ते मोजून बघा. त्यांच्या आईंना तारीख माहीत होती, कोणी विचारली नाही. शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे झाले.

उद्या ग्रामपंचायतीतला किंवा दवाखान्यातला जन्मदाखला घेऊन शाळेत जा. रजिस्टर उघडायला सांगा आणि मुलीची ओळ स्वतः वाचा. अंकी तारीख आणि अक्षरी तारीख दोन्ही बघा, पुष्कळदा अंक बरोबर असतो आणि अक्षरात महिना चुकलेला असतो. आईच्या नावाचं स्पेलिंगही बघा. हे काम उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत करा, कारण आपल्याकडची शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याशिवाय उघडत नाही आणि तोवर कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी असते.